थांबलेल्या चाकांचा हिशेब

प्रतीक्षा हा शब्द आपल्या उपासनेत फार सन्मानाने वावरतो. नाताळापूर्वीचे चार आठवडे ख्रिस्तसभा केवळ वाट पाहण्यासाठी राखून ठेवते. जांभळी वस्त्रे, संथ गीते, दर रविवारी उजळणारी एकेक मेणबत्ती यांतून आपण मुलांना शिकवतो, की वाट पाहणे हीदेखील एक प्रार्थना आहे. मात्र या प्रतीक्षेचे दोन आधार आपण सहसा ध्यानात घेत नाही. कोणाची वाट पाहावयाची हे आपणांस ठाऊक असते, आणि ती केव्हा संपणार हे दिनदर्शिकेत छापलेले असते. ज्या प्रतीक्षेला यांपैकी दुसरा आधार नाही, जी कोणी आपल्या सोयीसाठी दुसऱ्यावर लादलेली आहे, तिला काय म्हणावे? हा प्रश्न आम्हांला पुस्तके वाचताना पडला नाही. महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगा पाहून पडला.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या आसपास ज्यांची घरे आहेत, त्यांना या रांगांचे वर्णन करून सांगायला नको. पूर्वी ८ क्रमांकाचा आणि आता ४८ क्रमांकाचा हा रस्ता आपल्या अंगणातला असल्यासारखाच आहे. वरसावे येथे खाडीवर २०२३ साली नवा पूल झाला. त्याआधी जुन्या पुलापाशी किती संध्याकाळी वाया गेल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. २०२४ साली रस्त्याचे काँक्रीटीकरण चालू असताना तर पुन्हा तोच अनुभव आला. आपली मोटार अडकली की आपण घरी फोन करतो, सरकारला नावे ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी लोकलने जातो. शेजारच्या ट्रकमध्ये बसलेल्या माणसाला यांतले पहिले दोन उपाय उपलब्ध आहेत, तिसरा नाही.

परंतु रस्त्यावरची कोंडी हा त्याच्या दुःखाचा लहानसा भाग आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तीस वर्षे ट्रक चालवून आता घरी बसले आहेत. भिवंडीच्या गोदामांतून माल भरून ते दक्षिणेकडे जात, कधी गुजरातेत जात. घाटातली वळणे, पावसातली रात्र, समोरून डोळ्यांवर येणारा प्रकाश यांविषयी ते काही सांगतील अशी आमची अपेक्षा होती. ते बोलले ते निराळ्याच गोष्टींविषयी. सकाळी गोदामाच्या फाटकावर नाव लिहून द्यावयाचे आणि आपला नंबर येईपर्यंत थांबायचे. नंबर आला की कळते, अर्धा माल अजून आलेलाच नाही. गाडी भरली की वजनकाट्यावर रांग. वजन जुळले नाही तर परत आत. ताडपत्री बांधून, दोर आवळून झाल्यावर कागद तयार होण्यासाठी पुन्हा थांबायचे. कागद करणारा जेवायला गेलेला असतो. या सगळ्यात दिवस कलतो. आता गाडी निघाली तर शहराच्या हद्दीत अवजड वाहनांना बंदी असलेले तास आडवे येतात, म्हणून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. दोन दिवसांनी मुक्कामाला पोहोचावे तर माल घेणाऱ्याचे शटर बंद. फोन केला की उत्तर मिळते, आज हमाल नाहीत, उद्या बघू.

आणि या काळात गाडी सोडून जाता येत नाही. रात्री टाकीतले डिझेल काढून नेणारे असतात, ताडपत्री फाडून माल ओढणारे असतात आणि जे गेले ते ड्रायव्हरच्या नावावर पडते. रांग पुढे सरकली आणि आपण जागेवर नसलो तर नंबर गेला. शौचालय बहुतेक ठिकाणी नसते. जेथे असते तेथे ते कंपनीच्या माणसांसाठी असते. उन्हाळ्यात केबिन तापते, म्हणून गाडीखालच्या सावलीत चादर अंथरून पडायचे, चाकांच्या मध्ये. भाषा परकी, गाव परके. घरून फोन येतो, कुठवर आलात? उत्तर काय द्यावे? कालच्याच जागी आहे.

आम्ही त्यांना विचारले, या थांबण्याचे पैसे मिळत नसत का? ते हसले. म्हणाले, “गाडी चालवायचे पैसे घेतो फादर. उभं राहायचं कोण देणार?” त्यांच्या मालकाकडून पगार थोडा आणि खेपेला ठरावीक वाटखर्च मिळे. वाटखर्चातून काही उरले तर ते त्यांचे. म्हणजे गाडी जितके दिवस उभी राहील, तितके त्या उरण्यातले कमी होत जाणार. या व्यवसायात ‘हॉल्टिंग’ नावाचा एक आकार आहे. माल घेणाऱ्याने गाडी ठरल्याहून अधिक काळ अडकवून ठेवली तर दर दिवसामागे अमुक रक्कम द्यावी, असे त्यात ठरते. ती रक्कम मिळालीच तर बहुधा गाडीच्या मालकापाशी जाते, कारण गाडीवर बँकेचा हप्ता चालू असतो. त्यातही अन्याय नाही. छोट्या मालकाचे हाल आम्ही जाणतो. पण वाचकहो, क्षणभर पाहा: थांबलेल्या लोखंडाला मोल आहे हे या व्यवहाराने ओळखले आहे. त्याच लोखंडाशेजारी थांबलेल्या माणसाचे मोल मात्र त्या करारात कोठे लिहिलेले नसते.

येथे नीतिशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याला विनाकारण ताटकळत ठेवणे ही केवळ असभ्यता आहे, की सातव्या आज्ञेचा भंग, म्हणजे चोरी आहे?

सेमिनरीत असताना आम्हांला मध्ययुगातील व्याजाविषयीचे वाद शिकावे लागले. तेव्हाच्या काही पंडितांचा व्याजावरील एक आक्षेप असा होता, की सावकार वास्तविक काळ विकतो आणि काळ तर परमेश्वराचा आहे. जे आपले नाही ते विकावयाचे कसे? आज बँकेत खाते असणाऱ्या आपणां सर्वांना तो युक्तिवाद बालिश वाटेल. पण त्यातील एक अंश टिकाऊ आहे. काळ कोणीही निर्माण करू शकत नाही. हरवलेला पैसा पुन्हा मिळवता येतो, मोडलेले घर बांधता येते. एखाद्याचा गुरुवार आपण घेतला तर तो परत करण्यासाठी आपल्यापाशी गुरुवार नसतो. मग ज्या वस्तूची भरपाई अशक्य आहे ती घेणे, भरपाई शक्य असलेल्या वस्तूच्या चोरीपेक्षा सौम्य कसे ठरते?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ड्रायव्हर थांबला म्हणजे त्याने काम केले असे थोडेच आहे? तो झोपला, विडी ओढली, शेजारच्या गाडीवाल्याशी पत्ते खेळला. विश्रांतीचे पैसे मागणे शोभते का? आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु विश्रांती आणि ताटकळणे यांतील भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे, असे आम्हांला वाटते. त्या माणसाला तेथून उठून जाता येते का? रात्रपाळीची परिचारिका सर्व रुग्ण झोपी गेल्यावर खुर्चीत बसून असते. पहारेकरी रात्रभर कोणाशीही झुंजत नाही. अग्निशामक दलाचे जवान आग नसलेल्या दिवशी कॅरम खेळतात. त्यांचा पगार कापावा असे कोणी म्हणत नाही, कारण त्यांचे हजर असणे हेच काम आहे. ट्रकजवळ बसलेला माणूस मालाची राखण करतो, रांगेतील जागा राखतो आणि हाक आली की उठतो. तो मोकळा नाही. जो मोकळा नाही त्याचा वेळ कोणी तरी वापरतो आहे.

आपल्या देशाच्या कायद्याने हा भेद अर्धवट पाहिला होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, लांबच्या पल्ल्याला काही सवलत होती. त्यात ‘कामाचे तास’ या शब्दांची व्याख्या केलेली होती. मालकाच्या, अथवा सेवा मागण्याचा हक्क असलेल्या अन्य कोणाच्या, स्वाधीन असलेला काळ म्हणजे कामाचा काळ, असा तिचा आरंभ होता. किती सुंदर आरंभ! पण पुढे त्यात काय काय येते ते सांगताना म्हटले होते, की शेवटच्या ठिकाणी नुसते हजर राहण्याचा काळ १५ मिनिटांहून कमी असेल तर तो धरावा. त्याहून दीर्घ ताटकळण्याचा स्पष्ट उल्लेख त्या यादीत नव्हता. म्हणजे १४ मिनिटे थांबलेल्याला कायद्याने नाव घेऊन आश्रय दिला आणि १४ तास थांबलेल्याला वकिलाच्या युक्तिवादावर सोडले. शिवाय पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच तो कायदा लागू होता, आणि आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालकच फार. संसदेने २०२० साली केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत तो जुना कायदा सामावून घेण्यात आला. संहिता कितीही चांगली असो, भिवंडीच्या फाटकावर ती कोणी वाचून दाखवत नाही.

कागदाची काळजी मात्र आपण घेतो. राज्याराज्यांतील मालवाहतुकीसाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले. त्याची मुदत प्रथम दर १०० किलोमीटरला एक दिवस होती, २०२१ च्या जानेवारीपासून ती दर २०० किलोमीटरला एक दिवस झाली. मुदत टळली आणि वाढवून घेतली नाही तर दंड. सरकारी व्यवस्थेने जुन्या काही रांगा खरोखरच मिटवल्या, हेही नमूद केले पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, तेव्हा दहिसरच्या नाक्यावरील जुने दृश्य इतिहासजमा झाले. फास्टॅगने टोलनाक्यावरचा वेळ कमी केला. जेथे सरकारचा महसूल थांबतो तेथे उपाय निघतात. खाजगी फाटकापाशी माणूस थांबतो, तेथे कोणाचाच महसूल बुडत नाही.

हा प्रश्न गरीब देशापुरता आहे असेही नाही. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या बहुसंख्य ड्रायव्हरांना मैलामागे मोबदला मिळतो. चाक फिरले तर पैसे. तेथील संघराज्याच्या नियमानुसार मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला कामावर आल्यापासून सलग १४ तासांच्या अवधीत ११ तासच गाडी हाकता येते, आणि डिसेंबर २०१७ पासून त्याची नोंद गाडीतले इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवते. नियम त्याच्या जिवाच्या रक्षणासाठी आहे. परंतु गोदामाच्या धक्क्यावर पाच तास गेले तर ते पाच तास त्या १४ तासांतूनच वजा होतात. पहिले दोन तास फुकट थांबण्याची तर तेथे रूढीच आहे. १९३८ च्या तेथील श्रमविषयक कायद्याने जादा तासांच्या दीडपट वेतनातून आंतरराज्य वाहतुकीच्या ड्रायव्हरांना वगळले, ते आजही वगळलेलेच आहेत. इतका संपन्न देश, इतके चकचकीत ट्रक, आणि दुःख तेच. यावरून आम्ही एवढेच ताडतो, की याचे मूळ दारिद्र्यात नसावे.

मग ते कशात आहे? चोरी झाली म्हणावे तर चोर कोण? मालक म्हणतो, मी गाडी अडवली नाही. माल घेणारा म्हणतो, ड्रायव्हर माझा नोकर नाही. गोदामाचा कारकून म्हणतो, मला वरून माल आला नाही. प्रत्येकाचे म्हणणे खरे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या परिपत्रकात यासाठी एक उपयुक्त कल्पना मांडली आहे: प्रत्यक्ष मालकाखेरीज एक ‘अप्रत्यक्ष मालक’ असतो. ज्या ज्या व्यक्ती, संस्था आणि प्रथा कामगाराची स्थिती ठरवतात, त्या सर्वांवर त्या स्थितीची जबाबदारी येते, मग पगारपत्रकावर त्यांची सही असो वा नसो. त्या दृष्टीने पाहता शटर बंद करून जेवायला गेलेला व्यापारी त्या तासापुरता त्या ड्रायव्हरचा मालकच असतो. आणि घरी फरशी मागवणारे, दुकानातून स्वस्त माल उचलणारे आपण? आपणही त्या साखळीच्या टोकाला उभे आहोत.

‘त्याने हे काम स्वखुशीने पत्करले आहे’ हा दुसरा आक्षेप. याला उत्तर १८९१ सालीच पोप तेरावे लिओ यांनी दिले होते. गरजेपोटी माणूस ज्या कठोर अटी मान्य करतो, त्यांना निव्वळ संमतीमुळे न्याय्यता येत नाही, हा त्यांच्या परिपत्रकाचा आशय शंभराहून अधिक वर्षे झाली तरी जुना झालेला नाही. तिसरा आक्षेप भाववाढीचा. थांबण्याचे पैसे दिले तर वस्तू महाग होतील. होतील, थोड्या होतील. आज त्या स्वस्त आहेत त्या कोणाच्या तरी वेळेवर स्वस्त आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

सातव्या आज्ञेपाशी हा विषय थांबला असता तर आम्ही कदाचित हा लेख लिहिला नसता. पण चोरीला गेलेले तास ड्रायव्हर कोठून तरी भरून काढतो. दिवस फाटकावर गेला तर रात्र रस्त्यावर काढावी लागते. खेप वेळेत पुरी झाली नाही तर पुढची खेप दुसऱ्याला जाते. डोळे मिटत असताना तो पाणी मारतो, तंबाखू भरतो आणि गाडी हाकतो. मग पहाटे कोठे तरी काही घडते आणि आपण वर्तमानपत्रात ‘भरधाव ट्रक’ असे शब्द वाचतो. तो ट्रक आदल्या दिवशी नऊ तास उभा होता, हे त्या बातमीत येत नाही. व्हॅटिकनने २००७ साली रस्त्यावरील माणसांच्या आध्यात्मिक सेवेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत आणि त्यांतली पहिली मनुष्यहत्या न करण्याची आहे. ती चालकाला उद्देशून आहे हे योग्यच. त्याच्या झोपेचे तास ज्याने खाल्ले, त्यालाही ती ऐकू जावयास हवी.

ड्रायव्हरांना देवदूत ठरवण्याचा आमचा मानस नाही. दारू पिऊन गाडी हाकणारे आहेत, जखमीला रस्त्यात टाकून पळणारे आहेत. अशा अपघातात गेलेल्यांचे दफनविधी आम्ही केले आहेत, त्यांच्या मातांसमोर ‘व्यवस्था’ हा शब्द उच्चारण्याचे धैर्य कोणाला होणार नाही. २०२४ च्या जानेवारीच्या आरंभी, अपघात करून खबर न देता पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलमाविरुद्ध, ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. थांबलो तर जमाव मारील, पळालो तर तुरुंग, अशी त्यांची तक्रार होती. सरकारने वाहतूकदारांच्या संघटनेशी विचारविनिमय केल्याखेरीज ते कलम लागू करणार नाही असे सांगितले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते कलम बाजूला ठेवण्यात आले. त्या कलमाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. आम्हांला आठवते ती पेट्रोल पंपावरची गर्दी. इंधन संपेल या भीतीने आपण सारे दुचाक्या आणि मोटारी घेऊन रांगेत उभे होतो, तासतासभर. केवढा संताप! आपला वेळ कोणी तरी विनाकारण घेत आहे, आणि हे केव्हा संपेल ते सांगायला कोणी नाही.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण कृपेचा दाखला म्हणून ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यातील अखेरच्या मजुरांकडे या निमित्ताने पुन्हा पाहावे. दिवसभर ते बाजारात उभे का होते? आळशी होते म्हणून नव्हे. त्यांना कोणी कामाला लावले नव्हते. मळ्याच्या धन्याने त्यांना तासाभराच्या श्रमाबद्दल पूर्ण दिवसाची मजुरी दिली. उन्हात राबलेल्यांना ते खुपले. त्या धन्याने उभे राहण्याचेही मोल केले, असा अर्थ काढणे शास्त्रपंडितांना मान्य होईल की नाही कोण जाणे. ड्रायव्हर असलेल्या भाविकांना तो चटकन कळतो, एवढे आम्ही पाहिले आहे.

आमच्या त्या निवृत्त स्नेह्यांना आम्ही विचारले, पैसे नाही तर निदान काय मिळाले असते म्हणजे ते दिवस सुसह्य झाले असते? जेवण, पाणी, सावली असे काही ते म्हणतील असे वाटले होते. ते म्हणाले, किती वेळ लागेल ते सांगायला हवे होते. सहा तास लागणार हे कळले तर माणूस सहा तास झोपतो. ‘होईल, होईल’ म्हणत सहा तास काढले तर तो सहा तास जागाच राहतो.

एका धर्मग्रामात सभागृहाच्या बांधकामासाठी मोरबीहून फरशी आली, त्याची हकीकत आमच्या एका धर्मगुरू बंधूंनी सांगितली. गाडी शनिवारी सायंकाळी आली. गल्ली अरुंद, हमालीच्या दरावरून वाद. रविवारच्या तिन्ही मिस्सांना भाविक त्या गाडीला वळसा घालून आत गेले. एका बाईंनी ड्रायव्हरला जेवलात का म्हणून विचारले आणि घरून डबा आणून दिला. डबा घेताना त्याने त्यांनाच विचारले, गाडी कधी खाली होईल? त्या बिचाऱ्या काय सांगणार! सोमवारी अकराला हमाल आले, तीन तासांत गाडी मोकळी झाली. फुटलेल्या फरशांची खोकी मोजून पावतीवर लिहिली गेली आणि ती रक्कम भाड्यातून वळती झाली. पावतीवर फुटक्या मालासाठी रकाना होता.

पुढल्या खेपेच्या वेळी बांधकाम समितीच्या एका तरुण सभासदाने सुचवले, की पावतीवर गाडी पोहोचल्याची आणि सुटल्याची वेळ लिहावी, आणि एका रात्रीहून अधिक थांबावे लागल्यास ड्रायव्हरच्या हातात ठरावीक रक्कम द्यावी. खजिनदारांचे म्हणणे पडले, की वेळ लिहून दिली तर तो आपल्याच विरुद्ध पुरावा होईल. तरुण म्हणाला, म्हणूनच लिहायची. त्या बैठकीत निर्णय झाला नाही. विषय पुढील बैठकीसाठी ठेवला आहे. दरम्यान छताचे पत्रे यावयाचे आहेत.